तरतूद झाली म्हणजे पैसे आले का? राज्याचा अर्थसंकल्प चालतो कसा

मार्च महिन्यात अर्थमंत्री विधानसभेत भाषणाला उभे राहतात आणि तासाभरात टीव्हीच्या पट्ट्या भरून जातात. अमुक महामार्गाला इतके कोटी, तमुक स्मारकाला इतके कोटी. संध्याकाळपर्यंत सत्ताधारी त्याला ऐतिहासिक ठरवतात, विरोधक आकड्यांचा खेळ म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'आपल्या जिल्ह्याला काय मिळालं' अशी चौकट येते. पुढे वर्षभर त्या कोटींचं काय झालं याची चौकट मात्र कुणी छापत नाही.

भाषणात जाहीर होते ती तरतूद. म्हणजे अमुक कामावर अमुक रकमेपर्यंत खर्च करायला विधिमंडळाने दिलेली परवानगी. परवानगी मिळाली म्हणून पैसा तिजोरीत असतोच असं नाही. तिजोरीत असला तरी तो विभागाला सोडला जाईलच असं नाही. सोडला तरी खर्च होईलच असं नाही. अर्थसंकल्प समजून घ्यायचा तर तरतूद, वितरण, खर्च आणि हिशेब या चार गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या पाहिजेत. एवढं जमलं की बाकीचे शब्द फारसे घाबरवत नाहीत.

आधी पैसा येतो कुठून ते पाहू. उदाहरणाला महाराष्ट्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प घेऊ. अजित पवार यांनी तो १० मार्च २०२५ रोजी मांडला. एकूण खर्च सुमारे ७ लाख कोटी रुपये. महसुली जमा, म्हणजे कर, शुल्क, केंद्राचा वाटा आणि अनुदानं मिळून, सुमारे ५ लाख ६१ हजार कोटी. महसुली खर्च, म्हणजे पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं, योजनांचे हप्ते, सुमारे ६ लाख ७ हजार कोटी. या दोन आकड्यांतलं अंतर, जवळपास ४६ हजार कोटी, ही महसुली तूट. रस्ते, धरणं, इमारती अशा भांडवली कामांचा खर्च त्याच्यावर. सगळा खर्च धरला आणि कर्ज सोडून बाकीची सगळी जमा वजा केली की उरते ती राजकोषीय तूट. ती सुमारे १ लाख ३६ हजार कोटी होती. सोप्या शब्दांत, एवढी रक्कम वर्षभरात नव्याने उसनी घ्यायची.

या दोन तुटींत जास्त काळजी महसुली तुटीची करायला हवी, असं माझं मत आहे. कर्ज काढून धरण बांधलं तर मागे धरण उरतं. कर्ज काढून चालू खर्च भागवला तर मागे फक्त कर्ज उरतं. चर्चेत मात्र राजकोषीय तुटीचाच आकडा असतो, कारण मर्यादा तिच्यावर आहे. महाराष्ट्राच्या २००५ च्या राजकोषीय उत्तरदायित्व कायद्याच्या चौकटीत ही तूट राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या आत ठेवायची असते. २०२५-२६ चा अंदाज २.७६ टक्के होता, म्हणून भाषणात तो अभिमानाने सांगता आला.

कमाईतला सगळ्यात मोठा घटक वस्तू व सेवा कर. १ जुलै २०१७ पासून तो लागू झाला आणि राज्याचा स्वतःचा विक्रीकर बहुतांश त्यात विरघळला. आता दर ठरवते जीएसटी परिषद. तिथे केंद्राच्या मताला एक तृतीयांश वजन आहे, सगळ्या राज्यांच्या मतांना मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश मतं लागतात. म्हणजे मुंबईत बसून कुणी ठरवलं की साबणावरचा कर वाढवू किंवा कमी करू, तर ते शक्य नाही. राज्याच्या एकट्याच्या हातात उरलं काय? पेट्रोल-डिझेलवरचा मूल्यवर्धित कर, दारूवरचं उत्पादन शुल्क, घर-जमिनीच्या व्यवहारावरचं मुद्रांक शुल्क, वाहन कर, वीज शुल्क. खजिन्यात खडखडाट झाला की सरकारची नजर नेमकी पेट्रोल पंपाकडे, दारूकडे आणि रेडी रेकनरकडे, म्हणजे घर-जमिनीच्या सरकारी दरांकडे, का वळते, त्याचं उत्तर इथे आहे. दुसरीकडे वळायला जागाच कमी.

पगाराच्या पावतीवर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात तो व्यवसाय करही राज्याचाच. संविधानाने त्याची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये ठरवली आहे. महाराष्ट्रात हा कर १९७५ च्या कायद्याने आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी भागातल्या मजुराच्या कामाचा भार थोडा उचलावा, ही त्यामागची कल्पना. कशासाठी कर घेतो हे इतकं उघड सांगून बसवलेले कर आपल्याकडे फार नाहीत.

केंद्राकडून येतो तो पैसा दोन वाटांनी. पहिली वाट वित्त आयोगाची. आयकर, कंपनी कर, केंद्रीय जीएसटी असे कर केंद्र गोळा करतं, पण त्यात राज्यांचा हक्काचा वाटा असतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी तो ४१ टक्के ठरवला, आणि त्या ४१ टक्क्यांतला महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के. वाटप करताना लोकसंख्या, क्षेत्रफळ, जंगल यांच्याबरोबर दरडोई उत्पन्नातलं अंतरही पाहिलं जातं. त्यामुळे श्रीमंत राज्याला भरलेल्या कराच्या मानाने कमी मिळतं. हे न्याय्य की अन्याय्य, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण एक गोष्ट सहसा नजरेआड राहते: केंद्र मूळ कराच्या जोडीला जे उपकर आणि अधिभार लावतं ते या वाटपात धरलेच जात नाहीत. केंद्राने कराऐवजी उपकर वाढवला की राज्यांच्या पदरात त्यातलं काही पडत नाही.

दुसरी वाट अनुदानांची. केंद्र पुरस्कृत योजनांमध्ये बहुतेक ठिकाणी केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४० टक्के असं सूत्र असतं. राज्याने आपले ४० वेळेवर घातले नाहीत तर केंद्राचे ६० अडकतात. योजना 'केंद्राची' म्हणून फलकावर लागते, पण राज्याच्या अर्थसंकल्पात तिची जागा आधी करून ठेवावी लागते.

आता कर्ज. राज्य सरकार बँकेत जाऊन अर्ज करत नाही. ते रोखे काढतं, रिझर्व्ह बँक त्यांचा लिलाव करते, आणि बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी ते विकत घेतात. तुमच्या विम्याच्या हप्त्यातला काही भाग असाच फिरून राज्याच्या तिजोरीत गेलेला असू शकतो. संविधानाच्या २९३ व्या अनुच्छेदानुसार राज्याला फक्त देशातच कर्ज घेता येतं, आणि केंद्राचं जुनं कर्ज डोक्यावर असेल तर नव्या कर्जाला केंद्राची संमती लागते. असं जुनं कर्ज जवळजवळ प्रत्येक राज्यावर असतं, त्यामुळे दरवर्षी किती उचल घ्यायची याची मर्यादा प्रत्यक्षात दिल्लीत ठरते. या मर्यादेला वळसा घालायची एक जुनी युक्ती म्हणजे महामंडळाच्या नावाने कर्ज काढायचं आणि त्याला सरकारची हमी द्यायची. कर्ज फेडायची वेळ आली की भार सरकारवरच, पण अर्थसंकल्पाच्या पुस्तकात ते दिसत नाही. अलीकडे केंद्राने असं कर्जही राज्याच्या मर्यादेत मोजायला सुरुवात केली आहे.

एवढा पैसा येतो, तर नव्या योजनेला कात्री का लागते? कारण वर्ष सुरू होण्याआधीच बराच पैसा बांधलेला असतो. कर्मचाऱ्यांचे पगार, निवृत्तिवेतन आणि जुन्या कर्जावरचं व्याज या तिघांतच महाराष्ट्राच्या महसुली जमेतले निम्म्याहून जास्त पैसे जातात. उरलेल्यात वीज सवलती, शिष्यवृत्त्या, महापालिकांना जकात गेल्याची भरपाई, आणि थेट खात्यात जाणाऱ्या योजना. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' या एका योजनेसाठी २०२५-२६ मध्ये ३६ हजार कोटींची तरतूद होती. योजना चांगली की वाईट हा वेगळा वाद. पण इतकी मोठी रक्कम एका खात्यावर बसली की दुसऱ्या कुठल्या तरी खात्यावरून ती हलते, आणि ते खातं कुठलं हे भाषणात कधीच सांगितलं जात नाही. ते शोधावं लागतं.

मंजुरी मिळते कशी

अर्थसंकल्पाची तयारी मार्चच्या कितीतरी आधी सुरू होते. तालुक्याच्या कार्यालयापासून मंत्रालयापर्यंत प्रत्येक पातळीवरून अंदाज वर सरकत जातात. वर्षाच्या उत्तरार्धात आठमाही सुधारित अंदाज मागवले जातात: आठ महिन्यांत किती खर्च झाला, उरलेल्या चारांत किती लागेल. वित्त विभाग त्यात काटछाट करतो. कुठल्याही कार्यालयातल्या लेखा शाखेला विचारा, मागितलं तेवढं कधी मिळत नाही हे गृहीत धरूनच मागणी फुगवलेली असते, आणि ती फुगवलेली आहे हे गृहीत धरूनच वरचे कापतात.

मंत्रिमंडळाची मान्यता झाली की अर्थसंकल्प विधिमंडळात येतो. विधानसभेत अर्थमंत्री आणि त्याच वेळी विधान परिषदेत अर्थ राज्यमंत्री भाषण वाचतात. पण दोन्ही सभागृहांचा अधिकार सारखा नाही. परिषद चर्चा करू शकते, मतदान नाही. पैशाचं विधेयक परिषदेकडे जातं तेव्हा तिला १४ दिवसांत ते परत पाठवावं लागतं, आणि तिने सुचवलेले बदल विधानसभेने मानलेच पाहिजेत असं नाही. तिजोरीची किल्ली २८८ जणांच्या सभागृहाकडे आहे.

आधी सर्वसाधारण चर्चा होते, मग विभागवार मागण्या येतात. प्रत्येक खर्चाची रक्कम पुस्तकात दोन प्रकारांत विभागलेली असते: दत्तमत आणि भारित. दत्तमत म्हणजे ज्यावर आमदार मतदान करतात. भारित म्हणजे ज्यावर चर्चा होऊ शकते पण मतदान नाही: राज्यपालांचं वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं वेतन, अध्यक्ष-सभापतींचं वेतन, आणि कर्जाची परतफेड व व्याज. न्यायाधीशाचा पगार बहुमताच्या लहरीवर राहू नये हे समजण्यासारखं आहे. पण याचाच दुसरा अर्थ असा की एकदा कर्ज काढलं की त्याच्या व्याजावर पुढची कुठलीही विधानसभा 'नाही' म्हणू शकत नाही.

मागणीवर आमदाराला कपात सूचना मांडता येते. रक्कम कमी करा, अगदी नाकारा, असं म्हणता येतं. वाढवा असं म्हणता येत नाही. खर्चाची शिफारस राज्यपालांच्या नावाने सरकारच करतं, सभागृह फक्त मान्य करतं, कमी करतं किंवा फेटाळतं. सत्ताधारी पक्षाकडे बहुमत असल्यामुळे कपात सूचना मंजूर होणं जवळपास अशक्य, कारण ती मंजूर झाली तर सरकारवर विश्वास उरला नाही असाच तिचा अर्थ निघतो. म्हणून आमदार कपात सूचनेचा वापर आपल्या मतदारसंघातला बंद पडलेला दवाखाना किंवा रखडलेला पूल सभागृहाच्या नोंदीत आणायला करतात. वापर वाईट नाही, पण कपातीशी त्याचा संबंध नाही.

वेळही पुरत नाही. ठरलेल्या दिवसांत काही विभागांच्याच मागण्यांवर चर्चा होते, आणि शेवटच्या दिवशी उरलेल्या सगळ्या मागण्या एकगठ्ठा मताला टाकल्या जातात. हजारो कोटींच्या खर्चावर एक वाक्यही बोललं जात नाही. हे केवळ आपल्याकडे होतं असं नाही, संसदेतही असंच चालतं. त्यानंतर विनियोजन विधेयक येतं. ते मंजूर होऊन राज्यपालांची संमती मिळाली की राज्याच्या एकत्रित निधीतून पैसा काढायला कायद्याचा आधार मिळतो. या कायद्याशिवाय एक रुपयाही काढता येत नाही.

निवडणुका तोंडावर असतील तर पूर्ण अर्थसंकल्पाऐवजी काही महिन्यांपुरतं लेखानुदान घेतात. २०२४ मध्ये लोकसभा निवडणुकीमुळे २७ फेब्रुवारीला अंतरिम अर्थसंकल्प आला आणि २८ जूनला अतिरिक्त अर्थसंकल्प. लाडकी बहीण योजनेची घोषणा याच दुसऱ्या भाषणात झाली.

आणि लगेच पुढच्या महिन्यात, जुलै २०२४ मध्ये, सरकारने ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या. त्यातला मोठा वाटा याच योजनेसाठी होता. पुरवणी मागणीची तरतूद संविधानात आहे, आणि ती हवीही. अतिवृष्टी झाली, न्यायालयाने एखादा खर्च करायला सांगितलं, केंद्राने मध्येच नवी योजना आणली, तर मार्चमधल्या पुस्तकात ते कसं असणार? त्याहून तातडीचं काही असेल तर आकस्मिकता निधी आहे. महाराष्ट्रात त्याची कायम रक्कम १५० कोटी आहे, आणि गरजेनुसार ती तात्पुरती वाढवली जाते. पण दर अधिवेशनात, पावसाळी, हिवाळी आणि पुन्हा मार्चमध्ये, हजारो कोटींच्या पुरवण्या येत राहिल्या की प्रश्न पडतो. जो खर्च महिन्याभरापूर्वी माहीत होता तो मूळ अर्थसंकल्पात का नव्हता? एक सरळ उत्तर असं की तो मूळ पुस्तकात घातला असता तर तुटीचा आकडा भाषणाच्या दिवशीच मोठा दिसला असता. मार्चमध्ये छापलेली टक्केवारी ऐकून सगळे घरी जातात. डिसेंबरमध्ये ती किती झाली हे मोजायला फार कमी लोक थांबतात. पुरवणी मागण्यांवरची चर्चा तर आणखी थोडक्यात आटोपते.

मंजूर झालेला पैसा कुठे अडकतो

एप्रिलपासून वित्त विभाग ठरवतो की तरतुदीपैकी किती टक्के आता सोडायचे. जमा कमी असेल तर वर्षाच्या सुरुवातीला हात आखडता. ही सगळी वाटचाल बीम्स या संगणक प्रणालीवर होते: मंत्रालयातला विभाग रक्कम खालच्या कार्यालयाला वितरित करतो, तिथला आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे सरकारी पैसा काढण्याचा अधिकार असलेला अधिकारी, देयक तयार करतो, कोषागार ते तपासून मंजूर करतं. बीम्सवर रक्कम दिसत नसेल तर शासन निर्णय हातात असूनही काही उपयोग नाही. गावच्या रस्त्याला 'मंजुरी मिळाली' असा फलक लागतो, नारळ फुटतो, आणि काम दोन वर्षं सुरू होत नाही. तिथे बहुतेक वेळा प्रशासकीय मान्यता मिळालेली असते, तरतूदही नाममात्र धरलेली असते, निधी मात्र आलेला नसतो. एखाद्या शंभर कोटींच्या कामाला पुस्तकात काही लाखांची तरतूद, याला नेहमीच्या भाषेत टोकन तरतूद म्हणतात. काम 'अर्थसंकल्पात आलं' हे खरंच असतं. कंत्राटदारांच्या थकलेल्या देयकांची आंदोलनंही इथूनच निघतात: मान्यता दिलेली कामं निधीपेक्षा कितीतरी जास्त.

मग येतो मार्च. न सोडलेला पैसा अचानक सुटतो आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो, नाहीतर तो परत जातो. कोषागारात रात्री उशिरापर्यंत दिवे असतात. घाईत यंत्रं विकत घेतली जातात, आगाऊ रकमा दिल्या जातात, किंवा पैसा स्वीय प्रपंजी लेख्यात, म्हणजे अधिकाऱ्याच्या पदनामावर उघडलेल्या सरकारी खात्यात, ठेवला जातो. विभागाच्या हिशेबात तो खर्च झाला. प्रत्यक्षात तो एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेला.

हिशेब कोण मागतं

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, हे पद संविधानाने सरकारपासून स्वतंत्र ठेवलं आहे. राज्याचे हिशेब त्यांची मुंबई आणि नागपूरमधली महालेखापाल कार्यालयं सांभाळतात आणि तपासतात. त्यातून येणारी दोन कागदपत्रं मोलाची आहेत. वित्त लेखे सांगतात की पैसा आला किती आणि गेला किती. विनियोजन लेखे सांगतात की ज्या मागणीला जेवढी परवानगी होती तिथे तेवढाच खर्च झाला का. परवानगीपेक्षा जास्त झाला असेल तर तो विधानसभेकडून नियमित करून घ्यावा लागतो. उलटही दिसतं: मूळ तरतूद पूर्ण खर्च झालेली नाही, आणि तरीही त्याच मागणीवर पुरवणी घेतलेली आहे. कॅगच्या अहवालांत हा आक्षेप वर्षानुवर्षं सापडतो. त्याच्या जोडीला उपयोगिता प्रमाणपत्रं न आल्याचा. अनुदान दिलं, पण ज्याला दिलं त्याने ते कशावर खर्च केलं हे कळवलंच नाही.

कॅगचा अहवाल राज्यपालांकडे जातो आणि त्यांच्यामार्फत विधिमंडळासमोर ठेवला जातो. तिथून तो आमदारांच्या लोकलेखा समितीकडे. समिती विभागाच्या सचिवांना समोर बसवून साक्ष घेते. दारं बंद असतात, कॅमेरे नसतात, म्हणून पक्षाच्या भिंती थोड्या खाली येतात आणि प्रश्न बरे विचारले जातात. समितीचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे. शिवाय अंदाज समिती आणि सार्वजनिक उपक्रम समिती आहेत.

एवढं सगळं असूनही धार बोथट का वाटते? एक म्हणजे कॅग शिक्षा देऊ शकत नाही, फक्त सांगू शकतो. दुसरं म्हणजे वेळ. अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी सभागृहात ठेवला जातो, म्हणजे त्यावर बोलायला दिवसच उरत नाही. समितीपर्यंत विषय पोचतो तोवर सचिव बदललेले, काही निवृत्त झालेले, आणि सरकारही कदाचित दुसरं. माझ्या मते एकच सुधारणा करता आली तर ती ही करावी: कॅगचा तयार झालेला अहवाल अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात मांडण्याचं बंधन. त्याला नवा कर लागत नाही, नवं खातं लागत नाही.

तोवर वाचकाने स्वतः काय पाहावं? अर्थसंकल्पाची पुस्तकं वित्त विभागाच्या संकेतस्थळावर मराठीत असतात. लेखाशीर्षाचा, म्हणजे खर्चाच्या प्रत्येक बाबीला दिलेल्या क्रमांकाचा, पहिला आकडा बघायचा. २ किंवा ३ ने सुरू होत असेल तर महसुली खर्च, ४ किंवा ५ असेल तर भांडवली. २२०२ म्हणजे सर्वसाधारण शिक्षण, २२१० म्हणजे वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य, २०४९ म्हणजे व्याज. रस्त्यांच्या देखभालीचं शीर्ष ३०५४ आणि नव्या बांधणीचं ५०५४. तुमच्या भागातला रस्ता खड्ड्यांनी भरलेला असेल तर भाषणातल्या नव्या महामार्गाऐवजी ३०५४ समोरची रक्कम बघा.

आणि एकाच स्तंभात अडकू नका. प्रत्येक ओळीसमोर चार रकमा छापलेल्या असतात: गेल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज. मूळ अंदाजापेक्षा सुधारित अंदाज निम्म्यावर आला असेल तर त्या योजनेला वर्षभर पैसा सुटला नाही हे तिथेच कळतं, कुणाला विचारावं लागत नाही. वर्ष चालू असताना विभागनिहाय तरतूद, वितरण आणि खर्च बीम्सच्या संकेतस्थळावर पाहता येतो. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या रकमांपैकी शेवटी किती खर्च झाल्या, तो प्रत्यक्षाचा स्तंभ २०२७-२८ च्या पुस्तकात असतो.